घडीचा लॅपटॉप स्टँड: मानेसाठी घ्यावा का?

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा स्टँड मान दुखणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण वेगळा कीबोर्ड आणि माउस सोबत घेऊनच. नाहीतर स्क्रीनबरोबर हातही वर उचलले जातात आणि दुखणं मानेतून खांद्यात उतरतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर 90 अंशांत. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खालीच बरी. डोकं सरळ असताना मानेवर साधारण 5 किलो भार असतो. 60 अंश वाकलं की तो 27 किलोंपर्यंत जातो.

घेताना रबरी पट्ट्या आणि बिजागरी नीट पाहा. ढिल्या बिजागरीवर 15 इंची लॅपटॉप हळूहळू खाली बसतो. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपखालून हवा खेळते, हा आणखी एक फायदा. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर गाठा.