फऱ्यांच्या मधे भरून येतंय? जोर, लटकणं, भिंत की वळण

लातूरच्या अभ्यासिकेत दिवसभर वाकून बसणारी पोरं असोत की परभणीकडं कापूस वेचणाऱ्या बाया, तक्रार एकच: दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या, मधे भरून येतं आणि हात वर नेताना खांदा ओढतो. त्यावर गावात पहिला सल्ला मिळतो तो जोर-बैठकांतले जोर मारायचा. जोरानं छाती-दंडात ताकद येते, हे खरंच. पण छाती आधीच आवळलेली असेल तर नुसत्या जोरांनी पाठ मोकळी होत नाही.

हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० फरा बरगड्यांवर सरकल्यामुळे. पोक काढून बसलं की फऱ्याचं सरकणंच अडतं. म्हणून आधी तपासा. खुर्चीवर बसा, हातांची छातीवर घडी घाला आणि डावी-उजवीकडं वळा. वळणं कमी पडत असेल तर अडचण बहुधा पाठीत आहे. वळता छान येतं, पण हात वर जात नाही, तर खांद्याकडं बघा.

पाठ आखडलेली असेल तर माझी पहिली पसंती वळणाला. सतरंजीवर गुडघे-तळहात टेका. उजवा हात डाव्या हाताखालून पलीकडं सरकवत न्या, खांदा जमिनीला टेकला की चार-पाच श्वास तिथंच थांबा. कंबर फिरू देऊ नका, नाहीतर वळण पाठीऐवजी कमरेतच जातं. मग बाजू बदला.

खांद्यासाठी भिंत. पाठ आणि कंबर भिंतीला, टाचा वीतभर पुढं, कोपरं काटकोनात. हात भिंतीला घासत वर-खाली. दिसायला सोपं, पण कंबर न सोडता करताना घाम फुटतो.

फांदीला लटकणं या सगळ्यांत जोरकस, म्हणून ते शेवटी घ्या, तेही पाय जमिनीला टेकवून. खांदा कधी निखळला असेल, हाताला मुंग्या येत असतील तर लटकूच नका. चाळिशीनंतर, त्यातही साखर असलेल्यांचा खांदा दिवसेंदिवस आखडत चालला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

वेचणीच्या रानात ना भिंत ना सतरंजी. तिथं कडुलिंबाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर दोन्ही तळहात टेकवा, मागं सरका आणि डोकं दोन्ही दंडांच्या मधे येईपर्यंत कमरेतून वाका. भाकरीच्या सुट्टीत एवढं सहज होतं.