पिवळी तार, लाल तार आणि गाडीवर घातलेले चोवीस हजार

जुलैतला शनिवार, सकाळचे साडेसहा. मुलुंडहून नाशिकला निघायचं होतं. डिकीत पिशव्या भरून झाल्या होत्या, सासूबाई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या, आणि चावी फिरवली तर बॉनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, ठाण्याहून ट्रेन पकडू." त्या जे बोलल्या नाहीत तेही मला ऐकू आलं.

कारण आठ महिन्यांपूर्वी याच २०१७च्या वॅगनआरवर मी २४,१०० रुपये घातले होते आणि सगळ्यांना दाखवत फिरलो होतो. मागच्या कॅमेऱ्यासकट अँड्रॉइड स्टीरिओ १३,५००, डॅशकॅम ५,५००, एलईडी हेडलाइट बल्ब २,८००, हेडलाइटची रिले वायरिंग (बल्बला थेट बॅटरीवरून करंट देणारी) १,४००, दोन सुरांचा हॉर्न ९००. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अर्ध्या दिवसात सगळं बसवून दिलं होतं. मजुरी त्यातच, म्हणून मी खूश.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून गाडी चालू केली, पण नाशिक रद्द. तशीच गाडी ज्याने हे सगळं बसवलं त्याच्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, मीटर न लावताच म्हणाला, "बैटरी गई है साब." नवीन बॅटरी ४,२००. जुनीचे ८०० वजा करून ३,४०० दिले. ऑथराइज्ड सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, बाहेरचं वायरिंग केलंय, आम्ही हात लावणार नाही. बरं.

नवीन बॅटरी सहाव्या दिवशी झोपली.

इथपर्यंतचं मी त्याच रात्री रागात लिहून ठेवलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बाहेरून काहीही बसवू नका' असं ठोकलं होतं. आता ऑगस्ट संपत आलाय आणि ती ओळ मी खोडली आहे.

लॅमिंग्टन रोडवरून साडेसहाशेचा मल्टिमीटर आणला. रविवारी पार्किंगमध्ये बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ती आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास छत्री धरून उभा राहिलो. हा अर्धा तास द्यावाच लागतो, कारण लॉक केल्यावर गाडीतली यंत्रं शांत व्हायला वेळ घेतात. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर वगैरे धरून बंद गाडीने ५० मिलीअँपिअरच्या आत खेचलं तर ठीक समजतात. माझ्या मीटरवर ०.२८ अँपिअर, म्हणजे २८० मिलीअँपिअर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाचे चोवीस तास धरा: पावणेसात अँपिअर-तास रोज. बॅटरी पस्तीसची, म्हणजे पाच दिवसांत जवळजवळ कोरडी. मेपर्यंत मुलीला क्लासला सोडायला गाडी एक दिवसाआड बाहेर निघायची, त्यामुळे भरून निघत होतं. जूनमध्ये क्लास संपला, मी ऑफिसला लोकलने जातो, पावसात गाडी कोण काढतो! पाच-सहा दिवस उभी राहू लागली आणि पोल उघडी पडली.

डॅशकॅमवर संशय होता, पण तो लायटरच्या सॉकेटवर आहे, चावी काढली की बंद. एकेक फ्यूज काढत गेलो. स्टीरिओचा काढला आणि आकडा ०.०३ वर आला. मनात म्हटलं, सापडला चोर, चिनी डबा उपटून टाकतो.

उपटण्याआधी भांडुपच्या एका जुन्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मीटरही मागितला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, चावी काढल्यावर स्टीरिओ आपोआप बंद होतो का?"

मी म्हटलं, "नाही, बटण दाबावं लागतं. या मॉडेलला तसंच असतं म्हणे. पण चालू मात्र क्षणात होतो!"

त्या 'क्षणात चालू'चं मला आठ महिने फार कौतुक होतं. मित्राचा स्टीरिओ अर्धा मिनिट कंपनीचं चित्र दाखवत बसतो, माझा चावी फिरवायच्या आत तयार. काकांनी स्टीरिओ बाहेर ओढला. मागे पिवळी आणि लाल तार एकत्र पिळलेल्या, वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद विरघळून बोटाला चिकटत होता आणि तांब्यावर हिरवट थर. पिवळी तार बॅटरीची कायमची, स्टीरिओची सेटिंग्ज जपायला. लाल तार चावीची, उठवायला आणि झोपवायला. बसवणाऱ्याने चावीची लाइन शोधायचा कंटाळा केला आणि दोन्ही कायमच्या करंटला बांधल्या. बटण दाबल्यावर फक्त पडदा काळा व्हायचा, आत डबा रात्रंदिवस जागा. ज्याचं मी कौतुक करत होतो तोच बिघाड होता.

काकांनी लाल तार चावीवर चालणाऱ्या फ्यूजला नेली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवून गरम केली. ३५० रुपये. आता स्टीरिओ उठायला सत्तावीस सेकंद घेतो (मोजलेत), तोपर्यंत मागचा कॅमेराही नाही, आणि बायको म्हणते आधीचा बरा होता.

बाकीच्यांचं थोडक्यात. हॉर्न फुकट गेला, सोसायटीच्या वॉचमनशिवाय कोणाला फरक कळलेला नाही. डॅशकॅम ठीक. एलईडी बल्ब तिसऱ्या महिन्यात काढले. आपला रिफ्लेक्टर हॅलोजनची फिलामेंट जिथे असते त्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीचा उजेड त्यात विस्कटतो, समोरचा ड्रायव्हर अप्पर मारून शिव्या घालतो आणि आपल्याला रस्ता मात्र दिसत नाही. २,८०० पाण्यात.

आणि रिले वायरिंग? त्याच दुकानात, त्याच माणसाने, पण कपलरला कपलर (तयार प्लगला प्लग) जोडून बसवलेली. कुठे कापाकापी नाही, म्हणून त्याला बिघडवायला वावच मिळाला नाही. आधी दोन्ही बल्बचा करंट स्टीअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून बारीक तारांनी फिरून यायचा. आता तो स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि करंट बॅटरीवरून थेट जाड तारेने बल्बला जातो. मीटर आलाच होता म्हणून रिले काढून जुन्या वायरिंगवर मोजलं: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बपाशी ११.८. व्होल्टेज १५ टक्के पडला की हॅलोजनचा उजेड जवळजवळ ४० टक्के पडतो. रिले लावल्यावर बल्बपाशी १३.४. बल्ब तेच, कंपनीचे ६०/५५ वॅटचे. गेल्या आठवड्यात नाशिकहून रात्री परतताना इगतपुरीला धुकं आणि पाऊस एकदम आले, कसारा घाट पूर्ण उतरलो आणि कडेची पांढरी पट्टी एकदाही हरवली नाही. सासूबाई मागे झोपल्या होत्या, त्यामुळे हे श्रेय कोणी पाहिलं नाही.

तेव्हा १,४०० ची वस्तू पहिल्या नंबरावर, १३,५०० ची आता कुठे पास. दुकानदाराला फोन करून तारांबद्दल सांगितलं तर म्हणाला, घेऊन या, फुकट चेक करून देतो. मी जुन्या बॅटरीचं विचारलं. चार-पाच वेळा पार उतरल्यामुळे तिचा थोडा दम गेला असेल, मान्य. पण नीट चार्ज केली असती तर वर्षभर सहज चालली असती असं काका म्हणाले, आणि ती आठशे रुपयांत गेली. दुकानदार म्हणाला, ती केव्हाच भंगारात गेली, साहेब.