लहान घर: वजन भिंतींवर पेलायचं की आरसीसी फ्रेमवर? सातारा आणि सांगलीतल्या जागांसाठी

दीड गुंठ्याची जागा, चौघांचं कुटुंब आणि साडेपाचशे-सहाशे चौरस फुटांचं घर. असं काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कॉलम टाकून (म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या सांगाड्यावर, आरसीसी फ्रेमवर) बांधायचं की भिंतींवर? आर्किटेक्ट म्हणून मी याचं उत्तर आधी जमिनीत शोधतो. नकाशावर पेन्सिल टेकवण्याआधी जागेत एक खड्डा खणून खाली काय लागतं ते बघा. खर्चही फारसा नाही आणि अर्धा निर्णय तिथेच होतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. सिमेंट, लोखंड आणि वीज सगळ्यात जास्त वाचते ती न बांधलेल्या जागेत. खोल्यांमधला पॅसेज काढून टाकला आणि सोप्यातूनच दोन्ही खोल्यांची दारं काढली, तर सहाशे चौरस फुटांत आठशेच्या घराइतकं वावरता येतं. आपल्या जुन्या घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओळीने असायचं. त्यात जाण्यायेण्यासाठी वेगळी जागा खर्ची पडत नव्हती.

आता भिंतींचा पर्याय. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराकडे किंवा यवतेश्वरच्या पायथ्याला खणलं की अनेक ठिकाणी लवकरच कडक मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो. अशा जमिनीवर तळमजल्याच्या लहान घराला कॉलमची गरज नसते. नऊ इंची भिंत वजन सहज पेलते. ती भिंत रॅट-ट्रॅप बाँडमध्ये बांधली, म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली, तर विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी झिरपतं. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. वर फिलर स्लॅब टाकता येतो: स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तिथे सळ्यांच्या चौकटीत मंगलोरी कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, छत हलकं होतं. बाथरूमवर आणि पुढे आलेल्या गॅलरीला मात्र हा स्लॅब मी टाकत नाही.

भिंतींच्या घराला तीन अटी आहेत. पहिली भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांच्या वरची कड) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा आणि प्रत्येक कोपऱ्यात उभी सळई हवीच. रॅट-ट्रॅपच्या पोकळीत ती सळई छान बसते. खिडक्या कोपऱ्यापासून लांब ठेवायच्या. दुसरी अट पावसाची. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला पश्चिमेची भिंत उघड्या विटांची ठेवू नका. तिला गिलावा करा आणि छप्पर दोन-अडीच फूट पुढे काढा. तिसरी अट गवंड्याची. हे काम हाताखालून गेलेला माणूस मिळाला नाही, तर आधी कंपाउंडच्या भिंतीवर सराव करून घ्या. वायरिंगचे पाइपही भिंत चढतानाच आत टाकायचे, नंतर फोडाफोडी चालत नाही.

सांगलीत हाच आराखडा मी तसाच उचलून ठेवणार नाही. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट उभी राहिलेली भिंत तडकते. खारवट जमिनीत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, जोत्यापासून वर चढतो आणि गिलावा पडतो. इथे फ्रेम घ्यावी: फुगणाऱ्या थराखाली पाया, जोत्याला बीम आणि जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरमाची भर. पैसे जास्त लागतात, पण ते योग्य ठिकाणी लागतात.

त्यात पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जागा निळ्या पूररेषेच्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत असेल तर घराचा विचारच सोडा. निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये असेल, तर नियमांत जेवढी परवानगी मिळेल तेवढ्यात, पण राहती पातळी वर घेऊन. खाली नुसते कॉलम उभे करून भागत नाही. भूकंपात असा पोकळ मजला आधी कोसळतो. म्हणून दोन्ही दिशांना थोड्या काँक्रीटच्या भिंती इंजिनिअरकडून मागून घ्या. एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले सिमेंटचे ब्लॉक) हलके असतात, उष्णताही अडवतात, पण पाणी पितात आणि वाळायला फार वेळ घेतात. पुराचं पाणी पोहोचेल त्या उंचीपर्यंत चांगल्या भाजलेल्या विटा, वर ब्लॉक.

ऊन दोन्ही गावांत जवळपास सारखंच वागतं. १७ अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घर तापतं ते मुख्यतः छतातून. फ्रेमच्या घराचा सपाट स्लॅब चिनी मोझॅकने किंवा चुन्याने पांढरा करणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. तिकडे जिना आणि संडास-बाथरूम ठेवा.

पुढे मुलासाठी वरचा मजला, हा मुद्दा लोक फ्रेमच्या बाजूने मांडतात आणि तो खरा आहे. तरी कितीतरी गच्च्यांवर वीस-वीस वर्षं गंजत उभ्या असलेल्या सळ्या बघतो तेव्हा वाईट वाटतं. न बांधलेल्या मजल्याचं लोखंड पायात आधीच पुरलेलं असतं. भिंतींच्या घरावरही एक मजला चढतो, फक्त वरची भिंत खालच्या भिंतीवरच यायला हवी आणि पाया त्या हिशेबाने आधीच घ्यायला हवा. मजला नक्की ठरला असेल तरच त्याचा खर्च आज करा.

कराडसारख्या ठिकाणी, जिथे माती मध्यम आहे आणि कोयनेचा भूकंपाचा भागही जवळ, तिथे मी तिसरी वाट सुचवतो: बांधीव भिंतींना काँक्रीटची चौकट. आधी भिंत दातेरी कडा ठेवून उभी करायची, मग त्या कडांमध्ये बारीक कॉलम ओतायचे. भिंत आणि चौकट एकजीव होतात, लोखंड पूर्ण फ्रेमपेक्षा कमी लागतं. आपल्याकडे गवंड्यांची सवय कॉलम आधी ओतून मग वीटकाम भरायची. त्यामुळे हा क्रम करारातच लिहून घ्या आणि पहिल्या कोपऱ्याचं काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहा.