ड्रम किट घेताना एकाच दुकानात दोनदा फसलो

गेल्या आठवड्यात लेकीने मोबाइल माझ्यापुढे धरला. ऑनलाइन जाहिरातींत एक इलेक्ट्रॉनिक ड्रम किट विकायला होता. 'नवाकोरा, बॉक्स पीस, फक्त ५५ हजार.' फोटोत मॉड्यूलच्या, म्हणजे किटला आवाज देणाऱ्या डब्याच्या, उजव्या कोपऱ्यावर नखाएवढा टवका उडालेला दिसत होता. तो टवका आम्ही दोघींनी लगेच ओळखला. हा किट १७ दिवस आमच्या हॉलमध्ये होता, आणि आमच्याकडेही तो नवाकोरा म्हणूनच आला होता. आता तो आणखी कुणाच्या तरी घरी जाईल, म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. मुंबईतलं आहे, मोठं आहे, काचेच्या दाराचं आहे.

आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लेक तेरा वर्षांची. दीड वर्ष ती क्लासमध्ये खऱ्या ड्रमवर शिकतेय आणि घरी रबरी पॅडवर सराव करते. दिवाळीच्या आधी आम्ही ठरवलं की आता तिला किट घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक की अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारे खरे ड्रम, हे मात्र ठरत नव्हतं. तिच्या सरांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. स्नेअरचा, म्हणजे किटमधल्या मुख्य ड्रमचा, एक जोरकस फटका १०० डेसिबलच्या वर सहज जातो. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. म्हणजे फ्लॅटमध्ये अकूस्टिक किट रोज वाजवणं शक्यच नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये पॅडखालचा सेन्सर फटक्याचा जोर ओळखतो, मॉड्यूल आत साठवलेला आवाज देतं आणि तो हेडफोनवर ऐकू येतो. "पण ताई, हात घडतो खऱ्या ड्रमवरच," सर म्हणाले. "सिंबल, म्हणजे ती धातूची थाळी, मधल्या घुमटावर मारा, पाठीवर मारा, काठावर मारा, दर वेळी वेगळं बोलतं. इलेक्ट्रॉनिकवर तेवढं मिळत नाही. घरी सरावाला इलेक्ट्रॉनिक घ्या, शनिवार-रविवार माझ्याकडे अकूस्टिक आहेच. फक्त पैसे द्यायच्या आधी मला एक फोन करा."

तो फोन आम्ही केला होता. सर शिकवत होते, त्यांनी उचलला नाही. आणि विकणारा मुलगा म्हणत होता, "ऑफर आज रात्री आठपर्यंतच आहे ताई, उद्या हाच पीस ७२ ला जाईल."

दुकानात मांडलेल्या किटच्या सगळ्या पॅडवर जाळीची पानं, म्हणजे वरचे ताणलेले पडदे, होती. जाळीवर काठी खऱ्या ड्रमसारखी उसळते आणि आवाजही कमी होतो. मुलाने मोठ्या स्पीकरवर पाच मिनिटं सुरेख वाजवून दाखवलं. "हा सायलेंट किट. खालच्यांना काय, शेजारच्या खोलीतल्या आजींनाही कळणार नाही." स्पीकर चालू असताना पॅडचा स्वतःचा आवाज किती आहे हे कळूच शकत नाही, आणि स्पीकर बंद करून वाजवा असं आम्ही कुणीच म्हटलं नाही. मग पैशांची गोष्ट निघाली. "५८ मध्ये बसवतो. बिल २५ चं करू, बाकी रोख द्या. जीएसटी तुमचाच वाचेल." आम्ही हो म्हणालो. यात आमची चूक होती आणि तिची किंमत पुढे आम्हालाच मोजावी लागली. बिलावर एवढंच होतं: 'इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट, १ नग.' मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही.

घरी आलेल्या खोक्यावर पारदर्शक चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली खाकी चिकटपट्टीचा जुना थर. उघडलं तर जाळी फक्त स्नेअरला, बाकी पॅड कडक रबराचे. फोन केला. "मॉडेल तेच आहे ताई, हा नवीन लॉट आहे." लेक वाजवायला बसली. स्नेअरच्या काठावर मारलं की काहीच येत नव्हतं. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी, तिचा पेडल पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढंच ओळखत होता, अधलंमधलं नाही. क्रॅश, म्हणजे जोरात वाजवायची सिंबल, हाताने धरून थांबवायला गेलं तर तो वाजतच राहायचा. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. रागावल्या नाहीत, काकांना बरं नव्हतं म्हणून कळवळून विचारायला आल्या होत्या, "अगं, वर कोणी काही कुटतंय का?" हेडफोनमुळे बाकीचे आवाज आमच्यापुरतेच राहत होते, पण किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा, पेडल पॅडवर आपटतो तो धक्का स्टँडमधून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरत होता. 'सायलेंट' हा शब्द ऐकून किट घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असायला हवं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सर घरी आले. त्यांनी काठ्या हातातच घेतल्या नाहीत. आधी क्लॅम्पचे स्क्रू बघितले, त्यांची डोकी झिजलेली होती. मॉड्यूल उलटं करून बघितलं, सीरियल नंबरच्या जागी स्टिकर खरवडलेला होता. मग त्यांनी मॉड्यूल चालू केलं आणि कंपनीचे तयार आवाजसंच सोडून थेट शेवटी गेले, जिथे वाजवणारा स्वतःचे आवाज जुळवून नाव देऊन साठवतो. नव्या मॉड्यूलमध्ये तिथे कुणी दिलेली नावं नसतात. आमच्या मॉड्यूलवर इंग्रजी अक्षरांत एकेक नाव उमटत गेलं: 'नवरात्री १', 'नवरात्री २', 'गरबा फास्ट'. लेक माझ्याकडे बघत राहिली. सर म्हणाले, "हा नऊ रात्री कुठल्या तरी स्टेजवर बडवून झालाय." फॅक्टरी रिसेट केलं असतं तर ही नावं पुसली गेली असती. तेवढी तसदीही कोणी घेतली नव्हती.

सतराव्या दिवशी किट गाडीत घालून आम्ही दुकानात गेलो. इथून पुढचं नीट वाचा, कारण इथे आम्ही दुसऱ्यांदा फसलो, आणि ही फसवणूक पहिलीपेक्षा जास्त हुशारीची होती.

मालक स्वतः बाहेर आले. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि आमच्यासमोर त्या मुलाला झापलं. "ताई, पोराने डेमो पीस पाठवला. माझी मान खाली गेली." आम्हाला वाटलं, माणूस सज्जन आहे. मग ते लेकीकडे वळले. "बेटा, तुला खरा ड्रमर व्हायचंय ना? मग हे प्लॅस्टिक कशाला? पैसे परत करायचे तर अकाउंटला दोन-तीन महिने जातात. त्यापेक्षा अकूस्टिक घेऊन जा. सिंबल बी-ट्वेंटीची देतो, टर्किश, हाताने ठोकलेली. वर फक्त २२ हजार द्या." माझ्या भावाचं बदलापूरला बैठं घर आहे, मागे एक मोकळी खोली आहे, हे बोलण्याच्या ओघात आम्हीच सांगून बसलो होतो.

आणि त्यांनी लोहचुंबक काढलं. सिंबलला लावून दाखवलं. "बघा, चिकटत नाही. लोखंड असतं तर चिकटलं असतं. शुद्ध ब्राँझ आहे." यजमानांनी स्वतःच्या हाताने लावून बघितलं, आमची खात्री पटली. लोहचुंबक तांब्याला चिकटत नाही, काशाला, म्हणजे ब्राँझला नाही आणि पितळेलाही नाही. त्या परीक्षेतून लोखंड नाही एवढंच सिद्ध होत होतं आणि लोखंडाचा प्रश्न मुळात कुणी विचारलाच नव्हता. २२ हजार यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर. नवीन बिल मिळालं नाही. "जुन्याच बिलावर चालेल."

बदलापूरला किट लावला. लेकीने क्रॅशवर पहिला फटका मारला आणि ती थांबली. "आई, हे भांड्यासारखं वाजतंय." मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. हे वाक्य मला आजही टोचतं. तिचे कान दीड वर्ष चांगल्या सिंबलपाशी घडले होते, ती बरोबर सांगत होती आणि मी तिला गप्प केलं.

दोन आठवड्यांनी माझे वडील मिरजेहून आले. ते आयुष्यभर भजनात टाळ वाजवत आले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेला माणूस, तंबोऱ्याची जवारी लावताना तासन् तास ऐकलेली. त्यांनी क्रॅशवर बोटाची टिचकी मारली, कान जवळ नेला आणि पिशवीतून आपला टाळ काढला. तो वाजवला. नाद उठला, पसरला आणि बारीक होत होत कधी संपला ते कळलंही नाही. मग पुन्हा क्रॅशवर टिचकी. टण्ण, आणि संपलं. "अगं, हे पितळ आहे. कासं असं मरत नाही."

बी-ट्वेंटी म्हणजे कासंच. ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. नावातला वीसचा आकडा कथलाचा आहे. बी-एटमध्ये ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील असतं, ती पत्र्यातून कापलेली सिंबल शिकणाऱ्याला पुष्कळ दिवस पुरतात. पितळेत कथलाऐवजी जस्त असतं. सुरुवातीच्या स्वस्त सेटसोबत पितळेची सिंबल सर्रास येतात आणि पितळ म्हणून पितळेच्या भावात विकली तर त्यात काही गैर नाही. तुर्कस्तानचं नाव उगाच घेतलेलं नव्हतं. इस्तंबूलमध्ये १६२३ साली सिंबल घडवायला लागलेल्या झिल्जियन घराण्यामुळे त्या देशाचं नाव या कामात मोठं आहे. मोठं नाव असतं तिथेच खोटं खपतं. हाताने ठोकलेल्या सिंबलवरचे घाव कमी-जास्त खोल असतात. आमच्या क्रॅशवर आणि राइडवर, म्हणजे ताल धरायच्या मोठ्या सिंबलवर, सगळे खळगे एका साच्यातून निघाल्यासारखे सारखे होते. कंपनीचा शिक्का धातूत दाबलेला किंवा कोरलेला हवा होता, तिथे फक्त शाईचं छापील नाव होतं. शाईचं नाव खऱ्या सिंबलवरही असतं, म्हणून नुसत्या शाईवरून काही ठरवू नका. पण मधलं भोक एका बाजूला झिजून लांबट झालेलं होतं, म्हणजे ही सिंबल कित्येक महिने स्टँडवर लटकलेली होती. महिन्याभरात क्रॅशचा काठ वर वळला. ड्रमची तऱ्हाही तीच. जुन्या खोडांवर नवा चमकदार कागद चिकटवलेला, आणि फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा ड्रम, इतका वाकडा की त्याचं पान एकसारखं ताणलंच जाईना.

पुन्हा दुकानात गेलो. या वेळी चहा नव्हता. "एक्स्चेंजचा माल परत घेत नाही. तुम्ही स्वतः चेक करून नेलात, चुंबक लावून." ते चुंबक आठवून मी बाहेर फुटपाथवर येऊन रडले.

कायद्याचं नंतर कळलं, ते आधी कळलं असतं तर निदान दुसरा घाव टळला असता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही. आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणंही. आम्ही सतराव्या दिवशी गेलो होतो. त्या दिवशी चहा न घेता मला सरळ पैसे मागता आले असते. अदलाबदल करून मी तो पहिला किट, त्यातली ती 'गरबा फास्ट'ची नावं, सगळा पुरावा आपल्या हाताने परत देऊन आले.

तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, दुकानाचं उत्तर आलं की ग्राहकाने स्वखुशीने बदल केला. मग ठाण्याच्या आयोगात गेलो. आमच्या हातात २५ हजारांचं बिल आहे, यूपीआयची नोंद आहे आणि त्या मुलाचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप आहेत, 'ओरिजिनल बी-ट्वेंटी, मॅम, गॅरंटी.' रोख दिलेल्या ३३ हजारांचा कागद नाही. वकील म्हणाले, ते विसरा.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा मॉड्यूलमध्ये शेवटच्या जागेपर्यंत जा. स्पीकर बंद करून वाजवा, किक वाजत असताना जमिनीवर तळवा ठेवून बघा. जो किट वाजवलात त्याचाच सीरियल नंबर बिलावर घाला. अकूस्टिक घेत असाल तर 'फाइव्ह पीस' म्हणजे पाच ड्रम, सिंबल त्यात मोजत नाहीत. त्यांची किंमत वेगळी लिहून घ्या, कारण सगळा खोटेपणा तिथेच लपवता येतो. सिंबल एका बोटावर तोलून धरा, हळूच टिचकी मारा आणि नाद संपेपर्यंत थांबा. दुकानातलं गाणं बंद करायला सांगा. आणि आपल्या लेकराचे कान काय म्हणतात ते आधी ऐका.

सरांच्या एका विद्यार्थ्याचा वापरलेला इलेक्ट्रॉनिक किट आम्ही मार्चमध्ये हप्त्याने घेतला, वापरलेला म्हणूनच, सगळ्या पॅडला जाळी असलेला. लेकीने तो दोन तास वाजवून बघितला. यजमानांनी दोन प्लायवुडच्या मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल बसवून पाट केला आणि किट त्यावर ठेवला. परवा जिन्यात काकू भेटल्या. काळजीने विचारत होत्या, "काय गं, पोरीने ड्रम सोडला का?"