लहरीपुऱ्याजवळचे चेनवाले काका, आणि माझी वाळू खाल्लेली सॅक

दुकानाला बोर्ड नाही, लहरीपुरा दरवाज्यातून मंगळ बाजारात शिरलं की एका जिन्याखाली शिलाई मशीन दिसतं तेच. बडोद्यात इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं, आईच्या भिशीतल्या एका काकूंनी पाठवलं.

झालं असं की डिसेंबरात मी एकटीच सॅक पाठीला लावून जैसलमेरला गेलेले. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप, डीजे, फोटोवाले अशी जत्रा असते म्हणून खुरी निवडलं, जैसलमेरपासून नैऋत्येला साधारण पन्नासेक किलोमीटर. सकाळी उंटवाल्या भैय्यांबरोबर निघालो, मी बराच वेळ चालतच, कारण उंटावर तासभर बसलं की मांड्या बोलायला लागतात. दुपारी वारा सुटला. टेकडीची एक बाजू लांब उताराची आणि दुसरी एकदम खडी, तर मी अक्कल चालवून खड्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, सॅक टाकून बसले आणि पराठा काढला. आता वारा लांब उतारावरून वाळू वर ढकलत आणतो आणि माथ्यावरून नेमकी आडोशाच्या बाजूला सांडतो, टेकडी अशीच तर पुढे सरकते! माथ्यावरून धुरासारखी वाळू खाली येत होती, दहा मिनिटांत सॅकचा तळ बुजला, पराठा कुरकुरीत झाला. भैय्या लांब खींपाच्या झुडपाशी चहा ठेवून हसत होते, आणि नंतर भांडी त्याच वाळूने घासून चकचकीत केली, पाण्याचा थेंब नाही.

संध्याकाळी गारठा पडला, स्वेटर काढायला चेन ओढली तर करकर करून अडकली. मी जोर लावला (चूक माझी), मग चेन पुढून लागायची आणि मागून उसवत यायची. भैय्यांनी उंटाची दोरी सॅकला गुंडाळून दिली, तशीच अहमदाबादपर्यंत स्लीपर बसने आणि तिथून घरी. आई दारातच म्हणाली, "ती पिशवी आधी गच्चीत झटक."

इथल्या एका मोठ्या बॅगवाल्याने बघायच्या आतच सांगितलं पूर्ण चेन बदलावी लागेल, साडेचारशे. काकांनी आधी चष्मा लावला, रनर (चेनवर पुढे-मागे सरकतो तो तुकडा) उलटा करून मागचा ८ हा मापाचा नंबर वाचला आणि म्हणाले, "चेन सारी छे, रनर घसाई गयो छे." म्हणजे चेन चांगली आहे, रनर झिजलाय. वाळूने रनर आतून झिजतो, त्याची पकड सैल होते आणि दाते एकमेकांत बसत नाहीत. पक्कडीने दाबून तात्पुरतं चालतं म्हणे, पण लांबच्या प्रवासाला नाही. टोकाची शिलाई उसवून जुना रनर काढला, जुन्या टूथब्रशने दाते साफ केले, नवा चढवला, परत शिवलं, वरून मेणबत्ती घासली. तेल अजिबात लावायचं नाही, त्याला वाळू आणखी चिकटते. दोन रनरचे मिळून १२० रुपये.

आता तक्रारी. पहिल्या दिवशी "पाच वाजता या" सांगून पाचला टाळं, फोन बंद, दुसऱ्या दिवशी विचारलं तर "लग्नात गेलो होतो." सॅक मेहंदी रंगाची आणि टाके काळ्या दोऱ्याचे, तेही जरा तिरपे, मला चालतं पण ज्यांना दिसण्याचं पडलंय त्यांनी दोरा स्वतः घेऊन जावा. आणि सॅक नीट झटकूनच न्या, माझ्या बाहेरच्या खिशातून मशीनवर मूठभर वाळू सांडली तेव्हा काकांनी जे माझ्याकडे बघितलं ते इथे लिहिता येत नाही.

पाचपैकी साडेचार. सॅकमधून अजून थोडी वाळू येतेच, त्यात काकांचा काही दोष नाही.