शिरस्त्राणाचं कच्चं किट: नवशिक्यांनी घ्यावं का?

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळा व्हायचं होतं म्हणून ऑनलाइन प्लास्टिकच्या शिरस्त्राणाचं किट मागवलं. रत्नागिरीत पार्सल धड आलं, आता टोप पूर्ण होऊन डोक्यावर नीट बसतोय, म्हणून सविस्तर लिहितोय. पहिल्यांदा करणाऱ्यांनी बिनधास्त घ्या, फक्त कापायला घाई नको आणि रंग पावसाळ्यात नको.

हा तयार टोप नाही हां. एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकचे दोन अर्धे भाग, नाकपट्टी आणि वरचा तुरा, सगळं कच्चं येतं. शीट तापवून साच्यावर टाकतात आणि खालून हवा खेचून घेतात, त्यामुळे प्रत्येक भागाभोवती जादा प्लास्टिकची कड राहते, ती आपण कापायची. आणि साच्याच्या माथ्यावर शीट आधी टेकते म्हणून तिथे जाड राहते, बाजूंना ताणली जाऊन पातळ होते. आतून मोबाईलचा टॉर्च लावून बघा, कानाजवळ उजेड जास्त आरपार येतो. तिथे कटर एकदम जपून.

कापायचं म्हणजे आरपार कापायचं नाहीच. पेन्सिलने रेघ मारायची, रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून साध्या स्नॅप कटरने हलक्या हाताने चर पाडायची, त्याच चरीतून पुन्हा पुन्हा पातं फिरवायचं, मग कड धरून मागेपुढे वाकवायची. प्लास्टिक आधी पांढरं पडतं आणि मग कटकन सुटतं, आणि कड इतकी स्वच्छ येते की बघत राहावं! नाकपट्टीच्या वळणावर मात्र असं अख्खं सुटत नाही, तिथे कडेला उभे छेद देऊन एकेक तुकडा मोडायचा. ग्राइंडरवाले मित्र मशीन घेऊन येतील, त्यांना थांबवा, जास्त स्पीडला एबीएस वितळतं आणि पात्यालाच चिकटून बसतं. राहिलेले दोन-तीन मिलिमीटर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणायचे.

कापलेले तुकडे टाकू नका प्लीज. काचेच्या बाटलीत बारीक करून अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट खळ तयार होते, तीच जोडाला आतून पट्टी लावायला आणि बाहेरून फट भरायला वापरायची, कारण प्लास्टिक तेच असतं त्यामुळे घासताना जोड वेगळा कळत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ अजिबात नको. फेविक्विकने पटकन चिकटतं खरं, पण वाकवलं की तडकतं. आपल्याकडे फायबरच्या होड्या करणारे बरेच, त्यामुळे आतून फायबर मारून मजबूत कर असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, फायबरवर लावतात त्या रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं रसायन असतं आणि ते एबीएसला मऊ करतं.

मग २४०, ४०० आणि शेवटी ८०० चा वॉटर पेपर, परसदारी बादली घेऊन ओलं घासा म्हणजे धूळ नाकात जात नाही. भांड्याच्या साबणाने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, प्लास्टिकचा प्रायमर आणि मग स्प्रे.

आता रंगाचं, आणि कोकणात खरी परीक्षा इथेच. हवेत दमटपणा असला की स्प्रेमधलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रव) उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओल धरते आणि चकचकीत रंगावर दुधाळ पांढरट झाक येते. म्हणून आषाढ-श्रावणात फक्त कापून घासून ठेवा, रंग दिवाळीनंतर करा. १९ फेब्रुवारीची मिरवणूक असेल तर डिसेंबर-जानेवारीसारखा मोसम नाही, सकाळचं दव उडालं की दुपारी बाराच्या आसपास सावलीत पातळ पातळ हात मारायचे, एकदम जाड हात मारला तर ओघळ येतात.

विक्रेत्यावर एक राग आहे. सोबतच्या कागदावर इंग्रजीत तीन ओळी आणि कापायची रेघ कुठे ते कुठेच नाही, साच्यात एक बारीक खूण उमटवली असती तर नवीन माणसाचं अर्धं काम वाचलं असतं. शिवाय माझ्या दोन भागांची उंची थोडी कमीजास्त होती, घासून जमलं पण जमवायला लागू नये. पाचपैकी चार.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना सांगून ठेवा, हा टोप घालून गाडीवर बसायचं नाही, डोकं वाचवायची ताकद यात नाही. आतला फोम चिकटवून टाकू नका, वेल्क्रोने लावा, मिरवणुकीत घामाने भिजतो आणि तसाच माळ्यावर ठेवला तर जूनपर्यंत बुरशी धरतो.