व्हॅनेडियम डायऑक्साइडची पातळ फिल्म: पीएलडी की स्पटरिंग?

व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास विद्युतरोधकाचा धातू होतो. १९५९ मध्ये शास्त्रज्ञ मोरिन यांनी हे संक्रमण नोंदवले. चांगल्या स्फटिकात या वेळी रोध दहा हजार ते लाख पटींनी कोसळतो, पण वारंवार तापवला-निववला की स्फटिकाला तडे जातात. म्हणून बहुतेक मोजमापे फिल्मवर होतात, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षीच प्रश्न येतो की फिल्म कशावर बनवायची: स्पंदित लेझर निक्षेपणावर (पीएलडी: लेझरच्या स्पंदांनी पदार्थ उडवून थर बसवणे) की मॅग्नेट्रॉन स्पटरिंगवर (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून थर बसवणे)?

आमचे मत आधीच सांगतो. ताण, स्फटिकदिशा, इलेक्ट्रॉनच्या कक्षांची रचना असे मूलभूत प्रश्न असतील आणि ५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा पुरत असेल, तर पीएलडी. एकसारखे पुष्कळ नमुने, दोन इंची वेफर किंवा उपकरणे हवी असतील, तर स्पटरिंग. यंत्र कोणतेही असो, सगळे अडते ते ऑक्सिजनवर. थोडा कमी पडला तर व्हॅनेडियमचे खालचे ऑक्साइड तयार होतात, थोडा जास्त झाला तर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड. मधली पट्टी अरुंद आहे. ती शोधायला कोणते यंत्र सोपे आणि टिकवायला कोणते, यावर निवड ठरते.

पीएलडी: पट्टी लवकर सापडते

सुरुवातीला हे आकडे चालतील: २४८ नॅनोमीटरचा क्रिप्टॉन फ्लोराइड लेझर, दर चौरस सेंटिमीटरला १ ते २ जूल, ५ हर्ट्‌झ, टार्गेट (ज्यातून पदार्थ उडतो) ते सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म बसते) ४ ते ५ सेंटिमीटर, सबस्ट्रेट ५०० अंशांच्या आसपास आणि ऑक्सिजन १ ते २ पास्कल. एका स्पंदाला ०.२ अँगस्ट्रॉम जाडी मिळत असेल तर १०० नॅनोमीटरला ५,००० स्पंद लागतात, म्हणजे जेमतेम १७ मिनिटे. एका दिवसात दाबाची तीन-चार मूल्ये तपासून होतात. पीएलडीचे खरे बळ हेच.

टार्गेट घरचे चालते. पेंटॉक्साइडची पावडर दाबून गोळी करा आणि ६०० अंशांना भाजा. पेंटॉक्साइड ६९० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे भट्टीचा काटा चुकला तर गोळीऐवजी क्रुसिबलला चिकटलेला गोळा हाती येतो. पावडर विषारी आहे, मास्क आणि हातमोजे हवेतच. गोळी सच्छिद्र राहिली तर फिल्मवर थेंब उडतात. टार्गेट वापरून शंकूंसारखे खडबडीत झाले तरी तेच होते. दर खेपेला पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासा आणि शटर बंद ठेवून पहिले हजारभर स्पंद वाया घालवा.

सगळ्यात फसवा भाग लेझर आत येण्याची काच. आतून तिच्यावर हळूहळू थर चढतो. लेझरचा पडदा जुनीच ऊर्जा दाखवत राहतो, टार्गेटवर मात्र कमी पोहोचते. ऊर्जा काचेच्या पलीकडे मोजा. ६० मिलिजूल आणि ३ चौरस मिलिमीटरचा ठिपका म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ जूल. ठिपक्याचे क्षेत्रफळ थर्मल कागदावर उमटवून घ्या, अंदाजाने धरू नका.

पीएलडीच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. जाडी साधारण एका सेंटिमीटरभरच सारखी असते, आणि लेझरमधले फ्लोरीनचे मिश्रण हाताळायला गॅस कॅबिनेट व प्रशिक्षित माणूस लागतो.

स्पटरिंग: पट्टी टिकते, पण सांभाळावी लागते

इथे टार्गेट धातूचे असते: दोन इंची व्हॅनेडियम, सुमारे १०० वॅट, एकूण दाब ०.५ ते १ पास्कल, आर्गॉनमध्ये काही टक्के ऑक्सिजन. नेमके किती टक्के, ते तुमच्या पंपाच्या वेगावर ठरते. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा उचलून चालत नाही.

अडचण टार्गेटच्या ‘पॉयझनिंग’ची. ऑक्सिजन वाढवत नेला तर सुरुवातीला उडणारा धातूच तो गिळून टाकतो. एका टप्प्यावर टार्गेटवर ऑक्साइडचा थर बसतो, निक्षेपणाचा वेग कोसळतो, चेंबरचा दाब आणि टार्गेटचे व्होल्टेज एकदम बदलते. मग ऑक्सिजन तेवढाच मागे घेतला तरी जुनी अवस्था परत येत नाही. व्हॅनेडियम डायऑक्साइडची पट्टी नेमकी या कड्याच्या जवळ असते. म्हणून दर वेळी शटरमागे शुद्ध आर्गॉनमध्ये १०-१५ मिनिटे टार्गेट साफ करा, आणि ऑक्सिजन नेहमी खालून वर, एकाच दिशेने वाढवत न्या. डीसीवर (एकदिश वीजपुरवठ्यावर) ठिणग्या उडत असतील तर पल्स्ड डीसी किंवा आरएफ (रेडिओ वारंवारतेचा पुरवठा) वापरा.

वायूचा प्रवाह राखणारा मास फ्लो कंट्रोलर लहान क्षमतेचा घ्या. १०० एससीसीएमच्या (मिनिटाला इतके घनसेंटिमीटर वायू) कंट्रोलरवर १ एससीसीएम धरून ठेवणे म्हणजे नुसती आशा. नवा घेणे शक्य नसेल तर आर्गॉनमध्ये आधीच १० टक्के ऑक्सिजन मिसळलेला सिलिंडर मागवा.

दमटपणाही ऑक्सिजनचा स्रोत आहे. मुंबई-पुण्यात जुलैमध्ये चेंबर उघडला की भिंतींवर पाणी बसते, आणि मे महिन्यातली कृती जशीच्या तशी चालत नाही. चेंबर तापवून रात्रभर पंप करा. लोडलॉक (चेंबर न उघडता नमुना आत घालायचा छोटा कक्ष) असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

दोन्हीकडे हमखास होणाऱ्या चुका

हीटरवरचे ५०० म्हणजे सबस्ट्रेटवरचे ५०० नव्हे. सफायर अवरक्त किरणांना पारदर्शक असतो, त्यामुळे पृष्ठभाग ५० अंशांनी थंड असणे नेहमीचेच. सिल्व्हर पेस्टने चिकटवत असाल तर ती आधी हळूहळू वाळवा.

क्युप्रेट किंवा मँगनाइटवर (तांब्याच्या किंवा मँगनीजच्या ऑक्साइडवर) काम केलेले लोक सवयीने शेवटी चेंबर ऑक्सिजनने भरून नमुना थंड करतात. इथे तसे केले तर पृष्ठभागाचे पेंटॉक्साइड होते. वाढीच्या वेळच्याच दाबात थंड करा.

फिल्म जमली का, हे रामन वर्णपटावर लवकर कळते. १९३, २२३ आणि ६१२ प्रति सेंटिमीटरच्या रेषा दिसल्या तर खोलीच्या तापमानाची मोनोक्लिनिक रचना आहे. १४४ आणि ९९४ ला रेषा आल्या तर ऑक्सिजन जास्त झाला. रोध मोजताना प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये ठेवा. जास्त प्रवाहाने फिल्म स्वतःच तापून संक्रमण ओढवून घेते. तापमानाचा वेग मिनिटाला १-२ अंश ठेवा आणि संवेदक फिल्मशेजारीच बसवा, नाहीतर संवेदक मागे पडल्यामुळे आलेली रुंदी तुम्ही हिस्टेरेसिस (तापवताना आणि निववतानाच्या संक्रमणातला फरक) म्हणून छापाल.

निवड करताना

टायटॅनियम डायऑक्साइडच्या (००१) पृष्ठावर ताणलेली फिल्म हवी असेल, जिथे संक्रमण खोलीच्या तापमानाजवळ उतरते, तर आमची शिफारस निःसंशय पीएलडी. फिल्म १० नॅनोमीटरच्या आसपासच ठेवावी लागते, जाड झाली की तडकते. तापमान ४०० अंशांजवळ ठेवा, नाहीतर टायटॅनियम वर शिरते. इतक्या पातळ थराला स्पंद मोजून थांबता येणे फार मोलाचे आहे.

टंगस्टनचे वेगवेगळे प्रमाण घालून मालिका करायची असेल तर उत्तर तितके सरळ नाही. दर अणुटक्क्याला संक्रमण साधारण २० ते २५ अंशांनी खाली येते. पीएलडीत प्रत्येक प्रमाणाला नवी गोळी भाजावी लागते. दोन टार्गेटचे स्पटरिंग असेल तर टंगस्टनची शक्ती बदलून काम भागते, मात्र प्रत्येक नमुन्याचे प्रमाण ईडीएक्सवर किंवा एक्सपीएसवर (घटकांचे प्रमाण सांगणाऱ्या क्ष-किरण चाचण्यांवर) तपासायलाच हवे.

नमुने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर मृदू क्ष-किरण शोषणासाठी न्यायचे असतील तर पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. इलेक्ट्रॉन मोजून घेतलेला वर्णपट वरच्या काही नॅनोमीटरचाच असतो, आणि हवेत पडून राहिलेल्या फिल्मचा तोच भाग पाच-संयुजी, म्हणजे पेंटॉक्साइडसारखा, झालेला असतो. बीमटाइमच्या (तिथे मोजमापाला मिळालेल्या वेळेच्या) तारखेला धरूनच फिल्म बनवा, आणि तोवर निर्वातात ठेवा.